क्रिकेटपटु अमरसिंग

हिंदुस्थानच्या क्रिकेटच्या इतिहासांत आरंभींच्या पानांवर ज्यांचीं नांवें लिहावीं लागतात, त्यांत राजकोटच्या अमरसिंगाचें नांव फार वरचें आहे. तथापि विद्यार्थी वाचकांपैकीं थोड्यांसच तें ठाऊक असेल, आणि ह्याचें कारणहि उघड आहे. तो अवघे सात कसोटी सामने खेळला, व त्या सातांपैकीं एकहि हिंदुस्थाननें जिंकला नाहीं. पांच हरले, दोन अनिर्णित राहिले. विजयी वीरांची स्मृति लोक आपण होऊन जपतात. हरणाऱ्या बाजूकडून जिवापाड झुंजलेल्या पुरुषाचें चरित्र मात्र मुद्दाम उकलून पाहावें लागतें.

अमरसिंगाचा जन्म काठेवाडांतील राजकोट येथें ४ डिसेंबर १९१० रोजीं झाला. त्याचा वडील बंधु रामजी हा जलद गोलंदाज म्हणून प्रसिद्ध होता. धाकट्यानें थोरल्याचा कित्ता गिरविला, पण त्यांत स्वतःच्या बुद्धीची भर घातली. रामजीची सारी भिस्त वेगावर. अमरसिंग मात्र थोडक्या पावलांची धांव घेई व चेंडू उंच हातानें सोडी. तो चेंडू हवेंत एका अंगास झुके, आणि जमिनीस टेकतांच जणूं दुप्पट वेग घेऊन येई. फलंदाज फसे तो येथेंच. हातांतून सुटतांना जो संथ भासला, तोच चेंडू बॅट खालीं येण्यापूर्वीं यष्टीपाशीं पोंचलेला असे. वॉल्टर हॅमंडसारख्या धुरंधर इंग्रज खेळाडूनेंहि त्याच्या ह्या कसबाची मुक्तकंठानें वाखाणणी केली आहे.

सन १९३२ च्या जून महिन्यांत लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर सी. के. नायडू ह्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थान आपला पहिला कसोटी सामना खेळला. इंग्लंडचे पहिले तीन गडी अवघ्या १९ धांवांत परतले, तेव्हां प्रेक्षकांस आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांतील दोघांस उडविणारा गोलंदाज महंमद निसार. पुढें हॅमंडचा त्रिफळा उडविला तो अमरसिंगानें. परंतु इंग्लंडनें डाव सांवरला, आणि दुसऱ्या डावांत हिंदी फलंदाज एकामागून एक बाद होऊं लागले. पराभव समोर दिसत असतां नवव्या क्रमांकावर अमरसिंग खेळावयास आला. लालसिंगाच्या साथीनें त्यानें ७४ धांवांची भागी रचली व स्वतः ५१ धांवा काढल्या. कसोटी सामन्यांत हिंदी खेळाडूनें केलेलें हें पहिलें अर्धशतक होय. आमच्या नामांकित फलंदाजांस जें साधलें नाहीं, तें एका गोलंदाजानें करून दाखवावें, ह्यांत मौज आहे आणि बोधहि. त्या दौऱ्यांत त्यानें १११ गडी बाद केले, शिवाय दोन शतकेंहि झळकाविलीं.

पुढील वर्षीं डिसेंबरांत मुंबईच्या जिमखान्यावर हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. तेथें दोघे बंधु एकत्र खेळले. रामजीचा हा एकमेव कसोटी सामना, व त्यांत त्यास एकहि बळी मिळाला नाहीं. ज्याला पाहून धाकटा शिकला, त्याच्या वांट्यास एवढेंच आलें. १९३४ च्या फेब्रुवारींत मद्रासला मात्र अमरसिंगानें कमाल केली. ४४ षट्कांहून अधिक गोलंदाजी करून त्यानें एका डावांत ८६ धांवांत सात गडी टिपले. सामना हरला तो हरलाच.

ह्यानंतर इंग्लंडांतील लँकाशायर लीगमध्यें कोल्न ह्या गांवच्या क्लबानें त्यास वेतन देऊन खेळावयास ठेविलें. हा सारा कापडगिरण्यांचा मुलूख. प्रत्येक संघांत वेतन घेणारा खेळाडू एकच. बाकीचे आठवडाभर कामधंदा करून शनिवारीं मैदानावर उतरत. साऱ्या गांवाची आशा त्या एकावर. १९३६ सालीं हिंदी संघ पुन्हां इंग्लंडांत आला, तेव्हां अमरसिंग क्लबाची परवानगी घेऊन कसोटी सामने खेळला. त्या संघांत दुही माजली होती. उत्तम खेळत असलेल्या लाला अमरनाथास पहिल्या कसोटीपूर्वींच शिस्तभंगाच्या ठपक्यावरून मायदेशीं परत धाडण्यांत आलें होतें. अशा स्थितींत लॉर्ड्सवर आमचा डाव १४७ धांवांत आटोपला. मग अमरसिंगानें चेंडू हातीं घेतला. ३५ धांवांत त्यानें सहा गडी बाद केले, व इंग्लंडचा डाव १३४ धांवांवर कोसळला! लॉर्ड्सवर हिंदुस्थानास आघाडी! पण ती तेरा धांवांची आघाडी दुसऱ्या डावांत आमच्या फलंदाजांनीं ९३ धांवांत घालवून टाकली. कोणी म्हणेल, त्याचें दैव खोटें. माझ्या मतें दैवापेक्षां घरच्या भांडणांचा वांटा मोठा होता.

मायदेशीं तो नवानगर संस्थानाकडून खेळे. १९३६-३७ मध्यें रणजी करंडक त्याच संघानें जिंकला. पुढील हंगामांत लॉर्ड टेनिसनचा इंग्रज संघ आला असतां पांच सामन्यांत त्यानें ३६ गडी बाद केले. परंतु ते सामने अधिकृत कसोटींत गणले जात नाहींत. १९३९-४० चा इंग्लंडच्या संघाचा दौरा महायुद्धामुळें रद्द झाला. आणि १९४० च्या मे महिन्यांत जामनगर येथें अल्पशा आजारानें अमरसिंग निवर्तला. वय एकोणतीस. गोलंदाजाच्या भरभराटीचा काळ तो हाच. त्याच्या नांवावर कसोटीचे बळी अठ्ठावीस राहिले. प्रथम श्रेणीच्या सर्व सामन्यांत मिळून पांचशेंहून अधिक.

नवानगरच्या त्या विजयी संघांत विनू मंकड नांवाचा जामनगरचा एक कोंवळा मुलगा होता. १९५२ च्या फेब्रुवारींत, मद्रासच्या त्याच चेपॉक मैदानावर, त्यानें इंग्लंडचे बारा गडी बाद केले, आणि हिंदुस्थाननें आपला पहिला कसोटी सामना जिंकला.