सात काट्यांचं घड्याळ

बँकेत असताना दुपारच्या सुट्टीत आमच्या काउंटरवर पाटी लागायची. समोरचा माणूस पाटी वाचायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि मुकाट्यानं बाकावर बसायचा. एरिक डॉल्फीच्या 'आउट टू लंच' या रेकॉर्डचं मुखपृष्ठ पाहिलं तेव्हा मला तो बाक आठवला. त्यावर दुकानाच्या दाराची पाटी आहे, मालक परत येण्याची वेळ सांगणारी. पण तिच्यावरच्या घड्याळाला काटे सात! थांबणाऱ्यानं कोणत्या काट्यावर भरवसा ठेवावा?

जेवायला बाहेर गेलेला, हा या नावाचा सरळ अर्थ. डोकं ठिकाणावर नसलेला, हा दुसरा. डॉल्फीला हा दुसराच अर्थ अनेकांनी चिकटवला. १९६१ मध्ये तो जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवत होता, तेव्हा 'डाउनबीट' मासिकातल्या एका समीक्षकानं त्या दोघांचं वादन जॅझच्या विरोधातलं ठरवलं.

प्रत्यक्षात हा माणूस कमालीचा शिस्तीचा. जन्म २० जून १९२८, लॉस एंजेलिसचा. आईवडिलांनी घरामागे सरावासाठी खोली करून दिली होती. तिथे तो तासन्‌तास वाजवी, बाहेरच्या पक्ष्यांनाही सुरांतून उत्तर देई. ऑल्टो सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट ही त्याची तीन वाद्यं. बास क्लॅरिनेट म्हणजे आपल्या बँडवाल्यांच्या क्लॅरोनेटचा खर्जात बोलणारा थोरला भाऊ. जॅझमध्ये त्याला एकलवादनाचा मान मिळाला तो मुख्यतः डॉल्फीमुळे. २१ डिसेंबर १९६० या एकाच दिवशी त्यानं ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ'साठी वाजवलं आणि स्वतःची 'फार क्राय' ही रेकॉर्डही केली. एक पाय बंधनं झुगारणाऱ्यांत, दुसरा परंपरेत.

या दोन पावलांचा मेळ बसला २५ फेब्रुवारी १९६४ रोजी, 'आउट टू लंच'मध्ये. पियानो नाही, त्याच्या जागी बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन, जलतरंगासारखा थेंब थेंब पडणारा. फ्रेडी हबर्डचा ट्रंपेट, रिचर्ड डेव्हिसचा बास. ड्रमवर अठरा वर्षांचा टोनी विल्यम्स, ठेका धरून न बसता तो सतत मोडणारा. पहिली रचना पियानोवादक थेलोनियस मंकला उद्देशून, नऊ मात्रांत चालणारी. शेवटची, झिंगलेल्या माणसाच्या चालीवर बेतलेली.

प्रथम ऐकताना मला वाटलं, पाच जण पाच वह्या लिहिताहेत आणि बेरीज कुठेच जुळत नाही. चार-पाच वेळा ऐकल्यावर उमगलं, हिशेब पैशापर्यंत चोख आहे. मांडणी तेवढी आपल्या सवयीची नाही. नियम मोडायचा तर आधी तो हाडीमाशी भिनलेला असावा लागतो. म्हणूनच ब्लू नोट कंपनीच्या सर्वश्रेष्ठ रेकॉर्डांत आज ती गणली जाते.

त्या एप्रिलमध्ये चार्ल्स मिंगसच्या वाद्यवृंदाबरोबर डॉल्फी युरोपला गेला. मायदेशी आपल्या संगीताला काम मिळत नाही म्हणून तिकडेच राहिला. २९ जूनला बर्लिनमध्ये मधुमेहानं त्याचा बळी घेतला. दारू आणि अमली पदार्थांपासून कटाक्षानं दूर राहिलेला हा माणूस. छत्तिसावं वर्ष पुरं होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

त्याची बास क्लॅरिनेट आणि बासरी आईनं कोल्ट्रेनला दिली. रेकॉर्ड दुकानात आली ती त्याच्या मृत्यूनंतर. त्या मुखपृष्ठावर पाटी अजून तशीच आहे, आणि मी अजून त्या बाकावर बसलेला आहे.