उपचार करा, पण उपदेश नको! अल्बर्ट श्वाइट्झर यांना मिशनची भीती घालवायला हा शब्द का द्यावा लागला?

1913 चा मार्च महिना. फ्रान्समधल्या बोर्दोहून एक डॉक्टर आफ्रिकेला निघाला. सोबत बायको, 70 पेट्या सामान आणि मिशनला दिलेला एक शब्द. शब्द असा, की आपण तिथे फक्त रोग्यांवर उपचार करू, धर्माबद्दल तोंड उघडणार नाही.

आता तुम्हाला वाटेल, की या डॉक्टरला धर्मातलं काही कळत नसावं. गंमत म्हणजे प्रकरण बरोबर उलटं होतं. हा माणूस धर्मशास्त्राचा प्राध्यापक होता, चर्चमध्ये प्रवचनं देत होता आणि येशूवरच्या त्याच्या पुस्तकाची युरोपभर चर्चा होती. मिशनला भीती होती ती त्याच पुस्तकाची.

त्यांचं नाव अल्बर्ट श्वाइट्झर. पुढे शांततेचं नोबेल मिळवणारे, जंगलात दवाखाना चालवणारे डॉक्टर म्हणून जग त्यांना ओळखतं. पण ते जंगलात का गेले, हे समजून घ्यायचं तर आधी ख्रिस्ती धर्मातला एक जुना वाद समजून घ्यावा लागतो.

वाद नेमका काय?

बायबलच्या नव्या करारात मत्तय, मार्क आणि लूक यांची शुभवर्तमानं आहेत. त्यांत येशू सतत बोलतो ते देवाच्या राज्याबद्दल. हे राज्य जवळ आलंय, म्हणून जगणं बदला, शत्रूवर प्रेम करा, गरिबाला द्या, माफ करा, असा त्याचा सूर आहे.

त्याच नव्या करारात प्रेषित पौलाची पत्रं आहेत. त्यातल्या रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत भर वेगळ्या गोष्टीवर आहे. माणूस नियमशास्त्र पाळून नाही, तर ख्रिस्तावरच्या विश्वासाने देवासमोर नीतिमान ठरतो, असं पौल सांगतो. 16 व्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी हाच मुद्दा केंद्रस्थानी ठेवला आणि त्यातून प्रोटेस्टंट पंथ उभा राहिला.

मग प्रश्न पडतो, की तारण नुसत्या विश्वासाने मिळत असेल, तर येशूने सांगितलेल्या त्या राज्याचं आणि तसं जगण्याचं काय? नव्या करारातलंच याकोबाचं पत्र म्हणतं, की कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे. ल्यूथर यांना मात्र हे पत्र फारसं मानवलं नव्हतं. येशूचा संदेश एक आणि पौलाचा दुसरा, असं आहे का? हा प्रश्न आजही चर्चमध्ये, बायबलच्या वर्गांत आणि घराघरांत वादाचा आहे.

पाळकाच्या मुलाला पडलेला प्रश्न

अल्बर्ट यांचा जन्म 14 जानेवारी 1875 चा, अल्सास प्रांतातल्या कायझर्सबर्ग गावचा. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता, आज फ्रान्समध्ये आहे. वडील ल्यूथरन पाळक. त्यांची बदली गुन्सबाखला झाली आणि अल्बर्ट तिथेच वाढले. त्या गावात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक एकच चर्च आळीपाळीने वापरायचे.

1893 मध्ये ते स्ट्रासबर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकायला गेले. पुढच्याच वर्षी सक्तीची लष्करी सेवा आली. कवायतींच्या काळातही ग्रीक भाषेतला नवा करार त्यांच्या सोबत असायचा. एके दिवशी मत्तयाचा 10 वा अध्याय वाचताना ते अडखळले.

तिथे येशू शिष्यांना गावोगाव पाठवतो आणि सांगतो, की तुमची सगळी गावं फिरून व्हायच्या आत मनुष्याचा पुत्र येईल. शिष्य गेले, परतही आले. पण जग होतं तसंच राहिलं. श्वाइट्झर यांना प्रश्न पडला, की मग येशूला नेमकं काय अपेक्षित होतं?

पुस्तकाने उडवलेली खळबळ

या प्रश्नाचा पाठपुरावा करत 1906 मध्ये त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. इंग्रजीत तो येशूच्या ऐतिहासिक शोधाचं पुस्तक म्हणून गाजला. 18 व्या शतकापासून विद्वानांनी लिहिलेली येशूची चरित्रं त्यांनी एकेक करून तपासली. निष्कर्ष बोचरा होता. बहुतेक लेखकांना येशूमध्ये स्वतःचाच चेहरा दिसला होता.

त्या काळचे उदारमतवादी धर्मपंडित म्हणत, की देवाचं राज्य म्हणजे माणसांनी हळूहळू घडवायचा चांगला समाज. श्वाइट्झर यांनी ते खोडून काढलं. त्यांच्या मते येशू पहिल्या शतकातला ज्यू होता आणि देव लवकरच हे जग संपवून आपलं राज्य आणणार, अशी त्याची खरीखुरी अपेक्षा होती. ते राज्य यावं म्हणूनच तो यरुशलेमला मरणाला सामोरा गेला. पण त्याने वाट पाहिली तसं ते आलं नाही.

म्हणजे येशूचा काळाबाबतचा अंदाज चुकला, असंच ते म्हणत होते. परंपरावाद्यांना हे पचणं शक्य नव्हतं आणि उदारमतवाद्यांचा आवडता येशूही त्यांनी हिरावून घेतला होता. श्वाइट्झर यांची श्रद्धा मात्र संपली नाही. येशूची जगाबद्दलची कल्पना त्या काळाची होती, पण माझ्यामागे या ही त्याची हाक आजही तशीच लागू आहे आणि तो कोण हे त्या हाकेला ओ देऊनच कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिशीत पुन्हा विद्यार्थी

ही हाक त्यांनी स्वतःपुरती फार आधी ऐकली होती. 1896 मध्ये, 21 व्या वर्षी त्यांनी ठरवलं होतं, की तिशीपर्यंत अभ्यास आणि संगीत, त्यानंतर माणसांची थेट सेवा. 1904 मध्ये पॅरिसच्या मिशन संस्थेच्या मासिकात काँगो भागात माणसं हवी असल्याचा लेख वाचला आणि दिशा पक्की झाली.

ऑक्टोबर 1905 मध्ये त्यांनी घरच्यांना आणि मित्रांना पत्रं टाकली, की आपण डॉक्टर व्हायला निघालोय. सगळ्यांनी वेड्यात काढलं. ते उत्तम ऑर्गनवादक होते, संगीतकार बाख यांच्यावर त्यांचं पुस्तक होतं. त्यांचे संगीतगुरू विदोर तर चिडलेच. मेडिकलच्या डीनना वाटलं, की याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं.

त्यांचं कारण साधं होतं. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारातल्या गरीब लाजराची गोष्ट आहे. श्वाइट्झर यांच्या लेखी युरोप तो श्रीमंत होता आणि आफ्रिका लाजर. गोऱ्यांनी तिथे केलेल्या अन्यायाची भरपाई करणं हे त्यांना उपकार नव्हे, कर्ज वाटत होतं.

त्यांचा डॉक्टरकीचा प्रबंधही याच वादातला होता. जगाचा अंत जवळ आला असं मानणारा येशू मनोरुग्ण होता, असा दावा काही जण करत होते. वैद्यकशास्त्राच्या आधारे श्वाइट्झर यांनी तो खोडला.

मिशनची अडचण

पॅरिसच्या मिशनला डॉक्टर हवा होता, पण असा नको होता. याचा विश्वास शुद्ध आहे का, याची शंका होती. समितीने श्रद्धेची तपासणी करायचं ठरवलं. श्वाइट्झर यांनी समितीसमोर जायला नकार दिला, पण प्रत्येक सदस्याला घरी जाऊन भेटले. दवाखान्याचा पैसा मैफली करून, मित्रांकडे मागून स्वतः उभा केला. आणि उपदेश न करण्याचा शब्द दिला. तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

एप्रिल 1913 मध्ये ते गॅबॉनमधल्या लाम्बारेनेला पोहोचले. पत्नी हेलेन यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं होतं. पहिला दवाखाना भरला तो कोंबड्यांच्या खुराड्यात. मलेरिया, कुष्ठरोग, निद्रारोग, हर्निया असे रोगी होड्यांतून यायचे.

आणि शब्दाचं काय झालं? तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या मिशनऱ्यांना पॅरिसच्या वादात रस नव्हता. त्यांनी लवकरच श्वाइट्झर यांना त्या बंधनातून मोकळं केलं आणि प्रवचनाला उभं केलं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे फ्रेंच वसाहतीत हे जर्मन नागरिक नजरकैदेत गेले आणि 1917 मध्ये त्यांना फ्रान्सच्या छावणीत नेण्यात आलं. त्याआधी 1915 मध्ये ओगोवे नदीतून जाताना त्यांना आपल्या विचाराचं सूत्र सापडलं होतं. ते म्हणजे जीवनाबद्दल आदर. 1924 मध्ये ते लाम्बारेनेला परतले आणि पुढे नव्या जागी मोठा दवाखाना बांधला.

विश्वास की राज्य? त्यांचं उत्तर

1930 मध्ये पौलावरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. शेवटचं प्रकरण त्यांनी आफ्रिकेला जाताना बोटीवर लिहिलं होतं. यात त्यांनी मूळ वादाला हात घातला.

त्यांच्या मते पौलाच्या विचाराचा गाभा विश्वासाने नीतिमान ठरणं हा नाहीच. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता करावी का, नियमशास्त्र पाळावं का, या भांडणात पौलाने तो युक्तिवाद मांडला. गाभा आहे तो ख्रिस्ताशी एकरूप होण्याचा, त्याच्यासोबत मरून नव्याने जगण्याचा. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने देवाचं राज्य सुरू झालंय, असं पौल मानत होता. म्हणून त्याने येशूचा संदेश बदलला नाही, पुढे नेला. नुसत्या विश्वासाच्या सिद्धांतातून चांगल्या वागण्याकडे थेट वाट जात नाही. ख्रिस्ताशी एकरूप झालेल्या माणसाचं वागणं मात्र आपोआप बदलतं.

हे सगळ्यांना पटलं नाही. ल्यूथरन परंपरेला हा मुळावरच घाव वाटला. सी. एच. डॉड यांच्यासारख्या अभ्यासकांनी 1935 मध्ये मांडलं, की राज्य येशूच्या कार्यातच आलेलं होतं, त्यामुळे त्याचा अंदाज चुकण्याचा प्रश्नच नाही. उलट 1977 मध्ये ई. पी. सँडर्स यांनी पौलाची नवी मांडणी केली, तेव्हा श्वाइट्झर यांचा मुद्दा पुन्हा चर्चेत आला.

नोबेल आणि टीका

1952 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. ते पैसे कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला लागले. 1957 मध्ये ऑस्लो रेडिओवरून त्यांनी अणुचाचण्यांविरुद्ध आवाहन केलं.

टीकाही झाली. आफ्रिकन माणूस आपला भाऊ, पण धाकटा, अशी त्यांची धारणा होती. चिनुआ अचेबे यांनी त्यावर कडक बोट ठेवलं. दवाखाना जुन्या पद्धतीने, त्यांच्याच हुकमाने चालायचा, अशीही तक्रार होती. गरिबाच्या दारात जाणाऱ्यालाही बरोबरीचं नातं जमतंच असं नाही, हे त्यांच्या आयुष्यातून दिसतं.

4 सप्टेंबर 1965 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी लाम्बारेनेतच त्यांचं निधन झालं. दवाखाना आजही सुरू आहे. विश्वास आधी की राज्य आधी, हा वादही सुरू आहे. श्वाइट्झर यांनी त्याचा निकाल लावला नाही. पण विश्वास खरा आहे की नाही हे समितीच्या खोलीत ठरत नाही, दारातल्या लाजराचं आपण काय केलं यावर ठरतं, हे मात्र त्यांनी जगून दाखवलं.