पदयात्री शू शियाके

हिंदुस्थानात अकबर बादशहा राज्य करीत होता, त्या सुमारास चीनमध्ये मिंग घराण्याचे सम्राट सिंहासनावर होते. त्या काळी तेथे विद्वान म्हणजे ग्रंथांत गढून गेलेला पुरुष, अशीच समजूत होती. जुने ग्रंथ मुखोद्गत करावेत, सरकारी परीक्षा द्याव्यात आणि मोठ्या अधिकारपदावर चढावे, हा सुशिक्षित तरुणांचा ठरलेला राजमार्ग होता. पर्वत कोठे आहे आणि नदी कोठून उगम पावते, हेसुद्धा ग्रंथांतच पाहावयाचे! अशा काळात एका तरुणाने हा राजमार्ग सोडून डोंगरातील पाऊलवाट धरली. त्याचे नाव शू शियाके.

त्याचा जन्म 1587 साली यांगत्से नदीच्या दक्षिण तीरावरील ज्यांगयीन या गावी एका सुखवस्तू कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव शू होंगत्सू. शियाके हे त्याचे उपनाम. रंगीत मेघांचा अतिथी, असा त्याचा अर्थ होतो. लहानपणापासून त्याला इतिहासाची, भूगोलाची आणि प्रवासवर्णनांची विलक्षण गोडी होती. सरकारी परीक्षांत मात्र त्याचे मन रमले नाही.

तो अठरा-एकोणीस वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. घरात वृद्ध आई होती. आईवडील हयात असताना पुत्राने दूरदेशी जाऊ नये, अशी चीनमध्ये प्राचीन काळापासूनची शिकवण होती. त्यामुळे प्रवासाची तीव्र इच्छा असूनही शियाकेचे पाऊल घरातच अडखळत होते. मुलाची ही घालमेल आईच्या लक्षात आली. घरच्या मागावर कापड विणून संसाराला हातभार लावणारी ती कर्तबगार स्त्री होती. आपल्यासाठी मुलाने घराच्या कुंपणात अडकून पडावे, हे तिला मुळीच मान्य नव्हते. तिने स्वतःच्या हाताने प्रवासाची टोपी तयार करून त्याच्या मस्तकी घातली आणि त्याला निरोप दिला. 1607 साली शियाके पहिल्या प्रवासाला निघाला. पुढे 1624 साली, वयाची ऐंशी वर्षे झालेली असताना, ती माउली मुलाबरोबर जवळच्या डोंगरांच्या यात्रेला गेली. आपली प्रकृती धडधाकट आहे हे त्याला पटावे म्हणून ती त्याच्या पुढे पुढे चालत असे. दुसऱ्याच वर्षी तिने देह ठेवला.

शियाकेची प्रवासाची रीत साधी होती. प्रसंगी तो होडीत किंवा घोड्यावर बसे. परंतु त्याची खरी भिस्त आपल्या दोन पायांवर होती. दिवसभर डोंगरदऱ्या तुडवाव्यात आणि रात्री दिव्याच्या उजेडात त्या दिवशीची हकिकत लिहून काढावी, हा त्याचा नेम होता. वाटेची दिशा, अंतर, खडकांची रचना, झरे, वनस्पती, या साऱ्यांची नोंद त्यात असे. ग्रंथात लिहिले आहे म्हणून तो कोणतीही गोष्ट खरी मानीत नसे. यानदांग पर्वतावरील एक मोठा धबधबा शिखरावरच्या सरोवरातून वाहतो, असे जुन्या ग्रंथांत म्हटले होते. 1613 साली तो ते सरोवर पाहावयास निघाला. वाट कड्यावर येऊन संपली. तेव्हा पायांना गुंडाळलेल्या कापडी पट्ट्यांचा दोर करून तो खाली उतरला. परत चढताना खडकाच्या धारेने दोर तुटला. प्राण कसेबसे वाचले. तरीही त्याने तो प्रश्न मनातून काढून टाकला नाही. 1632 साली तो पुन्हा तेथे गेला, सरोवरापर्यंत पोहोचला आणि त्या पाण्याचा धबधब्याशी संबंध नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

1636 साली, वयाच्या पन्नाशीत, तो आपल्या सर्वांत मोठ्या प्रवासाला निघाला. त्याच्याबरोबर जिंगवेन नावाचा बौद्ध भिक्षू होता. जिंगवेनने स्वतःच्या रक्ताने एक धर्मग्रंथ लिहून काढला होता आणि तो युन्नान प्रांतातील चीत्सू पर्वतावरील मंदिरात अर्पण करावा, अशी त्याची इच्छा होती. चीनच्या नैर्ऋत्येकडील या मुलखाचा मोठा भाग चुनखडीच्या खडकांचा आहे. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेतलेले पावसाचे पाणी या खडकाला हळूहळू विरघळविते. भेगा रुंदावतात, भुयारे पडतात, नद्या जमिनीखाली गडप होतात आणि वर सुळक्यांसारखे डोंगर उभे राहतात. गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना थेंबाथेंबाने साचून लवणस्तंभ तयार होतात.

हुनान प्रांतात छालिंगजवळ अशीच एक गुहा होती. तीत दैत्य राहतात, अशी गावकऱ्यांची समजूत होती. मशाली द्यावयास ते तयार होते. परंतु आत पाऊल टाकावयास कोणी धजेना. मोठ्या प्रयासाने एक वाटाड्या मिळाला. मात्र ऐन वेळी, शियाके हा मांत्रिक नसून केवळ एक विद्वान आहे, हे कळताच तो मागे सरला. तेव्हा एका नोकराला सोबत घेऊन शियाके त्या अरुंद तोंडातून पाय पुढे टाकून आत सरपटला. बाहेर गावकऱ्यांची गर्दी जमली. आतील दालने पाहता पाहता मशाली संपत आल्या, तेव्हा अंधारात वाट चुकू नये म्हणून तो परत फिरला. दैत्यांनी त्याला गिळले असेल, असे लोक म्हणत होते. तोच तो हसतमुखाने बाहेर आला. गुहेत दैत्य नव्हते. होती पाण्याने कोरलेली सुंदर दालने.

पुढे शियांग नदीवर रात्रीच्या वेळी दरोडेखोरांनी त्यांच्या होडीवर हल्ला केला. शियाकेने पाण्यात उडी घेतली. जिंगवेन जखमी झाला. तरीही त्याने जळत्या होडीतून ग्रंथ वाचविले. पैसे आणि कपडे, सारे गेले. परत फिरावे, असा सल्ला स्नेह्यांनी दिला. परंतु शियाकेने उसने पैसे घेऊन पुढची वाट धरली. त्याच वर्षी, म्हणजे 1637 साली, नाननिंग येथे जिंगवेन मरण पावला. मित्राची इच्छा अपुरी राहू नये म्हणून शियाकेने त्याच्या अस्थी आणि तो धर्मग्रंथ बरोबर घेतला. अनोळखी मुलखातून, डोंगरांमागून डोंगर ओलांडीत, वर्षाहून अधिक काळाने तो चीत्सू पर्वतावर पोहोचला. तेथे त्याने अस्थींना मूठमाती दिली आणि ग्रंथ मंदिरात ठेविला.

या प्रवासात ग्वांगशी, ग्वेजो आणि युन्नान प्रांतांतील अनेक गुहा त्याने पाहिल्या. ग्वेलिन येथील सप्ततारा गुहेत तो दोनदा शिरला. तिची तोंडे, दालने आणि त्यांच्या दिशा त्याने टिपून ठेविल्या. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी त्या गुहेची मोजणी केली, तेव्हा त्याचे वर्णन बहुतांशी अचूक ठरले. जमिनीवरील नरसाळ्याच्या आकाराचे खळगे खालची पोकळी ढासळल्याने पडतात आणि लवणस्तंभ ठिबकत्या पाण्यापासून बनतात, हे त्याने ओळखले होते. युरोपात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात रूपास आला. यांगत्सेचा मुख्य प्रवाह मिन नदी नसून जिनशा नदी आहे, हेही त्याने जुन्या ग्रंथांविरुद्ध ठामपणे मांडले.

अखेर ज्या पायांनी त्याला एवढे हिंडविले, तेच पाय रोगाने निकामी झाले. लीज्यांगच्या अधिपतीने त्याला घरी पोहोचविण्याची व्यवस्था केली. 1640 साली तो घरी परतला. अंथरुणाला खिळलेला असताना प्रवासात गोळा केलेले दगड त्याने उशाशी मांडून ठेविले होते. त्यांवरून तो हात फिरवीत बसे. 1641 साली त्याचे निधन झाले.

पुढील युद्धांच्या धामधुमीत त्याच्या लिखाणाचा काही भाग नष्ट झाला. आप्तेष्टांनी उरलेले लिखाण जपून ठेविले आणि 1776 साली ते प्रथम छापले गेले. त्याच्या उपलब्ध दैनंदिनीतील पहिली नोंद 19 मे 1613 या दिवसाची आहे. म्हणून 2011 पासून चीनमध्ये 19 मे हा पर्यटनदिन मानला जातो.

शू शियाकेजवळ सैन्य नव्हते, अधिकार नव्हता, मोजणीची यंत्रेही नव्हती. होती ती एक काठी, एक लेखणी आणि स्वतः पाहिल्यावाचून विश्वास न ठेवण्याची वृत्ती. एवढ्या शिदोरीवर त्याने ग्रंथांतील चुका दुरुस्त केल्या, गुहांतील दैत्यांचे भय घालविले आणि मित्राची अंतिम इच्छाही पूर्ण केली.