मडगावचे दिलीप सरदेसाई आणि कॉलेजचा तो हंगाम

गोव्यात खेळ म्हटला की आधी फुटबॉल. भाताची कापणी आटोपली की पेडण्यापासून काणकोणपर्यंत रिकाम्या शेतांत मुलांचे सामने सुरू होतात, आणि देवळाच्या किंवा चर्चच्या फेस्ताला फुटबॉलची स्पर्धा नसेल तर गावाला चुकल्यासारखे वाटते. अशा भूमीत जन्मलेला एक मुलगा क्रिकेटमध्ये भारताकडून खेळला, वेस्ट इंडीजच्या मैदानांवर द्विशतक करून आला आणि गोव्यात जन्मलेला पहिला कसोटीपटू ठरला. त्यांचे नाव दिलीप नारायण सरदेसाई. आपल्या वडीलधाऱ्यांना 1971 साल म्हटले की हे नाव आठवते. पण 1971 चा पाया ज्या कॉलेजच्या हंगामात घातला गेला, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. यंदाच्या स्मरणिकेत ती काढावी असे वाटले, कारण आपल्या घरांतली कितीतरी मुले आज त्याच वयाची आहेत.

सरदेसाईंचा जन्म 8 ऑगस्ट 1940 रोजी मडगावात झाला. शिक्षण तिथल्याच न्यू एरा हायस्कूलमध्ये झाले. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. क्रिकेट खेळणारी मुले होती, पण खेळाला व्यवस्था नव्हती. ठरलेल्या स्पर्धा नाहीत, निवड समिती नाही, वरच्या पातळीवर नेणारी वाट नाही. मुलगा चांगला खेळतो हे गल्लीला कळायचे आणि तिथेच राहायचे.

त्या काळात गोव्याची हद्द ओलांडणे म्हणजे काय होते, हे पेडणे आणि डिचोलीच्या जुन्या घरांना वेगळे सांगायला नको. 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडण्यातल्या पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सीमा आवळली गेली, रेल्वे बंद पडली. बांदा, सातार्डे, दोडामार्ग ही रोजच्या येण्याजाण्याची गावे एकाएकी परदेशात गेल्यासारखी झाली. लेकीबाळींचे माहेर तुटले, बाजारहाट थांबला. या घटनेला दोन वर्षे होतात न होतात तोच, 1957 मध्ये, सरदेसाई कुटुंब मुंबईला आले. दिलीप तेव्हा सतरा वर्षांचा होता.

शिक्षणासाठीसुद्धा बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पणजीला वैद्यकीय शाळा जुनी होती, पण कला, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेची पदवी देणारे महाविद्यालय गोव्यात नव्हते. धेंपे आणि चौगुले ही महाविद्यालये 1962 साली, म्हणजे मुक्तीनंतर सुरू झाली. कॉलेजच नाही तर कॉलेजचा संघ कुठून असणार?

मुंबईत क्रिकेट मुबलक होते, पण नवख्यासाठी सोपे नव्हते. तिथल्या मुलांची नावे शाळेपासूनच जाणकारांच्या तोंडी असायची. जाइल्स शील्ड आणि हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धांत ज्याने धावा केल्या, त्याच्याकडे क्लबांचे आणि कॉलेजांचे लक्ष आधीच गेलेले असायचे. दादर, शिवाजी पार्क, आझाद मैदान इथे वाढलेल्या मुलाला पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर खेळण्याचा सराव व्हायचा. मडगावहून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचे शालेय स्पर्धांचे वय निघून गेले होते. मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याच्या नावावर एकही धाव नव्हती. त्याच्यासाठी एकच दार उघडे होते, ते कॉलेजचे.

दिलीप विल्सन कॉलेजात दाखल झाला. गिरगाव चौपाटीसमोरची ती दगडी इमारत आपल्यापैकी अनेकांनी अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या गर्दीतून पाहिली असेल. तिथे मन्या नाईक या प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर पडली. नाईकांनी या मुलातली गुणवत्ता हेरली आणि तिला वळण लावले. गोव्यात जे मिळाले नव्हते ते इथे मिळाले: रोजचा सराव, चूक दाखवणारा माणूस, आणि तोडीच्या गोलंदाजांविरुद्धचे सामने.

त्या काळची कॉलेज क्रिकेटची रचना आजच्या मुलांना समजावून सांगायला हवी. आधी कॉलेज-कॉलेजांचे सामने. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जाई. मग देशातली विद्यापीठे रोहिंटन बारिया करंडकासाठी एकमेकांशी खेळत. ही स्पर्धा 1935 पासून चालत आलेली. तिच्यात चमकलेल्यांमधून भारतीय विद्यापीठांचा संयुक्त संघ निवडला जाई, आणि परदेशी संघ दौऱ्यावर आला की या संयुक्त संघाशी त्याचा एक सामना होत असे. म्हणजे कॉलेजच्या मैदानापासून परदेशी पाहुण्यांपर्यंत मोजून चार पायऱ्या. तेव्हा आयपीएल नव्हते, दूरचित्रवाणी नव्हती. विद्यापीठाच्या सामन्यांना गर्दी होई आणि निवड समितीचे लोकही त्यांकडे लक्ष ठेवून असत.

1959–60 चा हंगाम आला. एकोणीस वर्षांच्या दिलीपने रोहिंटन बारिया स्पर्धेत 435 धावा केल्या, सरासरी 87. हिशेब केला तर या सगळ्या धावा पाच वेळा बाद होऊन केलेल्या. मुंबईत येऊन जेमतेम दोन-अडीच वर्षे झालेल्या, शालेय क्रिकेटचा शिक्का नसलेल्या मुलाचा हा हंगाम होता. यापुढे तो कुठून आला हे विचारायची कोणाला गरज उरली नाही.

पुढच्याच मोसमात फझल महमूद यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानचा संघ भारतात आला. पुण्याच्या सामन्यासाठी विद्यापीठांच्या संयुक्त संघात सरदेसाईंची निवड झाली. प्रथम श्रेणीचा हा त्यांचा पहिलाच सामना. 194 मिनिटे, म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ खेळून त्यांनी 87 धावा केल्या. त्या खेळीमुळे बंगळूरला मंडळाध्यक्षांच्या संघात जागा मिळाली. तिथे पाकिस्तानविरुद्धच त्यांनी नाबाद 106 धावा काढल्या. एका हंगामाने दार उघडले होते, आणि आत गेल्यावर टिकायचे कसे हे त्या मुलाला ठाऊक होते.

डिसेंबर 1961 च्या पहिल्या आठवड्यात कानपूरला इंग्लंडविरुद्ध त्यांनी पहिली कसोटी खेळली. 28 धावांवर टोनी लॉकच्या गोलंदाजीवर ते हिट विकेट झाले. धावा थोड्या, पण त्या दिवसांचे पंचांग डोळ्यांसमोर आणा. ज्या मडगावात ते जन्मले ते अजून भारतात नव्हते! सामना संपल्यावर दोन आठवड्यांच्या आतच दोडामार्गाच्या बाजूने भारतीय सेना गोव्यात शिरली आणि 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला. गोव्याच्या आधी गोव्याचा मुलगा भारताच्या संघात पोहोचला होता.

पुढची वाट सरळ नव्हती. 1962 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्यासोबत सलामीला सरदेसाईच गेले होते. चार्ली ग्रिफिथचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि त्यांच्या जिवावर बेतले. लगेचच्या ब्रिजटाउन कसोटीत सलामीची जबाबदारी या एकवीस वर्षांच्या मुलावर आली. त्याने 31 आणि 60 धावा केल्या. दुसऱ्या डावात लान्स गिब्जने 38 धावांत 8 बळी घेऊन भारताला गुंडाळले, पण त्याआधी सरदेसाई तासन्‌तास उभे राहिले होते. 1965 मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्ध भारत 88 धावांत बाद झाला आणि फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात सरदेसाईंनी नाबाद 200 धावा करून सामना असा फिरवला की शेवटी पराभव वाचवण्याची धडपड पाहुण्यांना करावी लागली. पाठोपाठ दिल्लीत त्यांनी आणखी एक शतक केले.

मुंबईच्या संघात त्यांचे स्थान पक्के झाले. रणजी करंडकात ते तेरा मोसम मुंबईकडून खेळले आणि ते खेळत असताना मुंबई एकही रणजी सामना हरली नाही. दहा अंतिम सामने खेळले, दहाही जिंकले. स्वभावाने ते मोकळे आणि मिश्किल होते. सुमार गोलंदाजीसाठी त्यांनी रुळवलेला पोपटवाडी हा शब्द मुंबईच्या मैदानांवर अजून ऐकू येतो.

साठच्या दशकाच्या अखेरीस मात्र दुखापती आणि अपयश यांनी गाठले. कसोटी संघातले स्थान डळमळीत झाले. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते आणि त्यांच्याकडून फार अपेक्षा कोणी ठेवली नव्हती.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताची अवस्था 5 बाद 75 होती. सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांना सोबत घेऊन 137 धावांची भागी केली आणि मग तळाच्या फलंदाजांना हाताशी धरून धावसंख्या 387 वर नेली. त्यांच्या स्वतःच्या 212, वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीयाचे पहिले द्विशतक. पहिला दिवस पावसात गेल्याने 150 धावांची आघाडी फॉलोऑनला पुरेशी होती. भारताकडे 170 ची आघाडी होती, आणि अजित वाडेकरांनी गॅरी सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला बोलावले. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत सरदेसाईंनी 112 धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले. ब्रिजटाउनला यजमानांच्या 501 धावांसमोर भारत 6 बाद 70 असा कोसळला असताना त्यांनी 150 धावा करून पुन्हा संघाला सावरले. साथीला पुन्हा सोलकर. मालिकेत सुनील गावसकरांच्या 774 आणि सरदेसाईंच्या 642 धावा झाल्या. त्याच उन्हाळ्यात ओव्हलवर इंग्लंडला हरवून भारताने तीही मालिका जिंकली. त्या सामन्यात सरदेसाईंच्या 54 आणि 40 धावा होत्या, आणि 173 धावांचा पाठलाग करताना दुसऱ्या डावातल्या 40 सोन्याच्या मोलाच्या ठरल्या.

1972 च्या अखेरीस ते कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले. 30 कसोटींत 2001 धावा, 5 शतके. 2 जुलै 2007 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव राजदीप पत्रकार म्हणून सर्वांना परिचित आहेत. भारत–वेस्ट इंडीज मालिकेतल्या सर्वोत्तम भारतीय खेळाडूला क्रिकेट मंडळ दिलीप सरदेसाई पुरस्कार देते, आणि गोवा सरकारनेही क्रीडागुणांसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कार ठेवला आहे.

त्या चरित्राकडे पाहताना एक गोष्ट मनात राहते. मडगावातला दिलीप आणि विल्सन कॉलेजातला दिलीप यांच्या अंगी असलेला गुण एकच होता. 1957 मध्ये तो कोणाला दिसत नव्हता, 1960 मध्ये साऱ्या देशाला दिसला. मधे होते एक कॉलेज, एक प्रशिक्षक आणि एक नीट चालवलेली स्पर्धा. त्यासाठी त्याला घर, गाव आणि एक आवळलेली सीमा मागे टाकावी लागली. ज्यांना ते जमले नाही अशी मडगावची, म्हापशाची, पेडण्याची, डिचोलीची किती मुले शेतातच खेळून थांबली असतील, त्यांची नोंद कुठेच नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. 1985–86 पासून गोव्याचा स्वतःचा रणजी संघ आहे. पेडण्यात विर्नोड्याला सरकारी महाविद्यालय आहे, डिचोली तालुक्यात साखळीला आहे. पत्रादेवीचा रस्ता आता कोणी अडवत नाही. तरी बारावीचे वर्ष आले की बॅट माळ्यावर जाते आणि कॉलेजात गेलेल्या मुलाच्या खेळाची चौकशी घरात कोणी करत नाही, हे आपण सारेच जाणतो. कॉलेजच्या संघात निवड झाली असे पोर सांगत आले, तर त्याच्या सामन्याला एकदा तरी घरातल्या मोठ्यांनी जाऊन बसावे. चवथीला माटोळी बांधताना जसे सारे घर एकत्र लागते, तसेच हेही एकट्या पोराचे काम नसते. सरदेसाईंना तो हंगाम वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मिळाला. आपल्या मुलांना तो मिळावा, आणि त्यासाठी गाव सोडावे लागू नये, हीच गणरायाच्या चरणी प्रार्थना.