स्टीव्ह जॉब्स: स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतरची सात वर्षं

तुमचा फोन आयफोन असो की अँड्रॉइड, बोटाने स्क्रीन सरकवायची सवय आपल्या सगळ्यांना लावली ती स्टीव्ह जॉब्स यांच्या आयफोनने. पण ९ जानेवारी २००७ ला त्यांनी आयफोन जगाला दाखवला, तेव्हा त्यांचं स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन होऊन अडीच वर्षं झाली होती. त्यांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मी वर्षानुसार ओळीने बघितले. काळा स्वेटर तोच, माणूस मात्र वाळत गेलेला. असं का झालं, तेच आज समजून घेऊ.

आजार कसा सापडला?

जन्म १९५५ चा. १९७६ मध्ये ॲपलची सुरुवात, १९८५ मध्ये कंपनीबाहेर, १९९७ मध्ये परत. ऑक्टोबर २००३ मध्ये किडनी तपासायला सीटी स्कॅन काढला आणि स्वादुपिंडावर गाठ दिसली. स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हटलं की झपाट्याने पसरणारा प्रकार आठवतो, पण हा तो नव्हता. ही हार्मोन बनवणाऱ्या पेशींची, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन गाठ होती. ती सहसा हळू वाढते आणि वेळेत काढली तर पेशंट बरीच वर्षं जगू शकतो.

जॉब्स यांनी मात्र नऊ महिने खास आहार, ॲक्युपंक्चर असे उपाय केले. अखेर ३१ जुलै २००४ ला ऑपरेशन झालं, तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला दिसला. आधीच ऑपरेशन केलं असतं तर ते वाचले असते का? छातीठोक उत्तर कुणाकडेच नाही, पण थांबण्याचा फायदा नक्कीच झाला नाही.

व्हिपल ऑपरेशन म्हणजे काय?

अमेरिकन सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये हे ऑपरेशन मांडलं. जॉब्स यांच्यावर त्याचंच सुधारित रूप केलं गेलं. यात स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडतात. म्हणजे तीन नवे जोड!

खरी धाकधूक इथेच असते. स्वादुपिंडाचा जोड गळला, तर अन्न पचवणारा रस पोटात पसरतो. त्यातून इन्फेक्शन किंवा रक्तस्राव होऊ शकतो. काहींचं जठर कित्येक दिवस नीट रिकामं होत नाही, उलट्या होतात. पूर्वी शंभरातले वीस-पंचवीस पेशंट दगावायचे. आज अनुभवी हॉस्पिटलांत हे प्रमाण पाचाच्या खाली आलंय. तरी साधारण तिघांमागे एकाला तरी काही ना काही त्रास होतोच.

घरी आल्यावर काय?

स्वादुपिंड कमी झालं की पाचक रस कमी पडतो, वजन घटतं. म्हणून बऱ्याच जणांना जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. थोडंथोडं, पण वारंवार आणि भरपूर प्रथिनं असलेलं खावं लागतं. काहींना डायबिटीसही होतो. आणि जॉब्स? तरुणपणापासून उपवास आणि अगदी मोजका शाकाहार. ती सवय सुटली नाही. त्यात कॅन्सर पुन्हा वाढत होता.

२००८ मध्ये त्यांच्या बारीकपणावर चर्चा सुरू झाली. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी हार्मोनच्या बिघाडाचं कारण दिलं, पण नवव्या दिवशी रजा घेतली. मार्चमध्ये मेम्फिसला यकृत बदलावं लागलं. त्यानंतरही जानेवारी २०१० मध्ये ते आयपॅड घेऊन स्टेजवर उभे राहिले. २४ ऑगस्ट २०११ ला त्यांनी पद सोडलं आणि ५ ऑक्टोबरला, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते गेले.

माझ्या मते या ऑपरेशनचा हिशोब डिस्चार्जच्या दिवशी संपत नाही. घरात कुणाला ते सुचवलं असेल, तर डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा: इथे वर्षाला अशी किती ऑपरेशन्स होतात? आणि घरी गेल्यावर खाणं, वजन आणि साखर यांवर लक्ष कोण ठेवणार?