‘अज्ञातवासी’ दिनकर केळकर : कवी आणि संग्राहक

मराठी काव्याच्या अभ्यासकांना दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) परिचित आहेत ते ‘अज्ञातवासी’ या नावाने ऐतिहासिक कविता लिहिणारे कवी म्हणून. गतकाळाच्या याच ओढीने १९२०च्या सुमारास ते जुन्या वस्तूंच्या संग्रहाकडे वळले. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून, पत्नी कमलाबाईंच्या साथीने, त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे मिळवले. राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा नित्य वापरातील वस्तूंवरील कलाकुसर त्यांना मोलाची वाटली. त्या घडवणाऱ्या कारागिरांची नावे बहुधा कोठेच नोंदलेली नाहीत; अज्ञातवासाचे नाव घेतलेल्या कवीने अशा अज्ञातांचीच निर्मिती जपली, ही संगती लक्षणीय आहे. राजा हा मुलगा बालवयातच गेला. त्याच्या स्मृतीस हा संग्रह अर्पण झाला. मस्तानीच्या कोथरूड येथील महालाचे अवशेषही त्यांनी पुण्यातील या संग्रहालयात पुन्हा उभे केले. १९७५ मध्ये त्यांनी आयुष्यभराचे हे संचित महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. संग्रह विकून त्यांना धनवान होता आले असते. तो अखंड राहावा म्हणून त्यांनी स्वामित्व सोडले. त्यांच्या काव्याइतकाच हा त्यागही वाङ्मयेतिहासाने नोंदवावयास हवा.