नाथांघरचा नैवेद्य

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात गोदावरीच्या उत्तर तीरावर पैठण हे फार प्राचीन नगर आहे. पूर्वी त्यास प्रतिष्ठान म्हणत. सातवाहन राजांची ती राजधानी होती. पुढे राजे गेले, पण विद्वानांचे गाव म्हणून पैठणची कीर्ती टिकून राहिली. धर्माविषयी काही संशय उत्पन्न झाला, की दूरदूरचे लोक पैठणच्या पंडितांकडे निर्णय मागावयास येत. काय सोवळे आणि काय ओवळे, कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे आणि कोणी बसू नये, हे येथे काटेकोरपणे पाळले जाई. अशा गावात इ. स. १५३३ च्या सुमारास एकनाथांचा जन्म झाला.

थोर विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच निवर्तल्यामुळे आजोबा चक्रपाणी व आजी यांनी नाथांना वाढविले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते घर सोडून देवगिरीच्या किल्ल्यावर गेले. तेथे जनार्दनस्वामी हे निजामशाहीच्या चाकरीतील मोठे अधिकारी होते. त्यांच्याजवळ राहून नाथांनी हिशेबाचे काम शिकून घेतले आणि अध्यात्मही. एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर जागणाऱ्या त्या मुलाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून नाथ पैठणास परतले. गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि गोदाकाठच्या वाड्यात त्यांचा संसार सुरू झाला.

नाथांचा दिनक्रम ठरलेला असे. पहाटे उठून गोदावरीचे स्नान, मग पूजा व ग्रंथवाचन. दोन प्रहरी नैवेद्य व भोजन. तिसऱ्या प्रहरी पुराण आणि रात्री कीर्तन. यांतील दोन प्रहरच्या नैवेद्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. कारण नाथांच्या आयुष्यातील कितीतरी प्रसंग त्याच वेळी घडले.

देवासाठी करावयाचा स्वयंपाक सोवळ्यात करीत. स्नान करून, धुतलेले सोवळे नेसून गिरिजाबाई चुलीपुढे बसत. पाणीही सोवळ्यात भरलेले लागे. देवाला दाखविण्याआधी कोणत्याही पदार्थाची चव पाहावयाची नसे. मीठ किती, गूळ किती, हे हाताच्या सवयीनेच ठरे. स्वयंपाक झाला, की देवापुढे पाण्याने चौकोनी मंडल करून त्यावर पान मांडीत. भात, वरण, तूप, भाजी आणि पुरणपोळी असे सारे वाढून त्यावर तुळशीचे पान ठेवीत. मग पानाभोवती पाणी फिरवून, डोळे मिटून देवाला जेवण्याची विनंती करीत. त्यानंतर ते अन्न घरच्यांचे राहत नसे. ते देवाचे झालेले असे, आणि देवाकडून परत मिळालेला प्रसाद म्हणून सगळे ते खात.

वैश्वदेव झाल्यावर नाथ दाराबाहेर येऊन कोणी अतिथी आहे काय, हे पाहत. हा आचार गृहस्थास शास्त्रानेच सांगितला आहे. पुष्कळ लोक दाराशी क्षणभर उभे राहून आत वळत. नाथ मात्र खरोखर पाहत. त्यामुळे त्यांच्या घरी पंक्तीला पाहुणा नाही, असा दिवस क्वचितच जाई. एवढ्या मंडळींना लागणारे पाणी श्रीखंड्या नावाचा एक गडी बारा वर्षे गोदावरीवरून आणीत होता आणि तो प्रत्यक्ष श्रीकृष्णच होता, अशी भक्तांची श्रद्धा आहे. त्याने ज्यात पाणी ओतले तो रांजण नाथांच्या वाड्यात दाखवितात आणि यात्रेच्या सुमारास लोक आजही तो गोदावरीच्या पाण्याने भरतात.

एके वर्षी नाथांच्या घरी पितरांचे श्राद्ध होते. महिपती नावाच्या कवीने अठराव्या शतकात आपल्या भक्तलीलामृत या ग्रंथात नाथांचे चरित्र लिहिले. त्यात ही कथा आली आहे. श्राद्धाचा स्वयंपाक देवाच्या नैवेद्याइतकाच जपावा लागतो. आमंत्रित ब्राह्मणांनी जेवावे, म्हणजे ते अन्न पितरांना पोहोचते, अशी समजूत आहे. त्याआधी त्यातील घासही कोणास द्यावयाचा नसतो. ब्राह्मण नदीवर स्नानास गेले होते. घरात खिरीचा, वड्यांचा, तुपाचा वास दरवळत होता. त्याच वेळी वाड्यावरून त्या काळी अस्पृश्य मानली जाणारी काही गरीब माणसे जात होती. वास आला तशी मुले थबकली. असले अन्न आपल्या नशिबी कुठले, असे त्यांच्यातील मोठी माणसे म्हणाली आणि मुलांना पुढे घेऊन निघाली. दाराशी उभ्या असलेल्या नाथांनी ते ऐकले.

नाथांना शास्त्र माहीत नव्हते असे नाही. आपण काय करीत आहोत आणि पैठणात त्याचा परिणाम काय होईल, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरी त्यांनी त्या मंडळींना हाक मारून मागे बोलाविले आणि श्राद्धासाठी केलेले अन्न पोटभर वाढले. गिरिजाबाईंनीही हात आखडला नाही. मग त्यांनी स्वयंपाकघर सारवून, भांडी घासून, पुन्हा स्नान करून सगळा स्वयंपाक नव्याने केला. नाथांच्या कथांत गिरिजाबाईंचे नाव थोडेच येते. परंतु भर दुपारी, एवढ्या माणसांसाठी, दुसऱ्यांदा चुलीपुढे बसणे म्हणजे काय, हे ज्याने स्वयंपाकघरात आईला मदत केली आहे त्यास सांगावयास नको.

ब्राह्मण स्नान करून आले. झालेला प्रकार कानी पडताच ते संतापले. नवा स्वयंपाक शुद्ध आहे, असे नाथांनी हात जोडून सांगितले. कोणी ऐकले नाही. पाने मांडलेली तशीच टाकून ते निघून गेले. ज्याच्या घरी ब्राह्मण जेवत नाहीत त्याचे श्राद्ध अपुरे राहिले, आणि त्याचे पितर उपाशी राहिले, असा याचा अर्थ होता. वाळीत पडण्याचे भय होते ते निराळेच. नाथांनी कोणास दूषण दिले नाही. त्यांनी रिकाम्या आसनांपुढे पाने वाढली आणि पितरांचे स्मरण केले. तेव्हा भानुदास, चक्रपाणी आणि वडील सूर्यनारायण हे स्वतः येऊन त्या पानांवर जेवले, असे महिपती सांगतो.

गावाचा रोष सोसणे नाथांना जड गेले नाही. घरातील रोष मात्र अधिक जिव्हारी लागणारा होता. त्यांचा मुलगा हरिपंडित हा संस्कृत शास्त्रांत निपुण होता. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे, वाटेल त्यास पंक्तीला घ्यावे आणि वाटेल त्याच्या घरी जेवावे, हे त्यास मुळीच आवडत नसे. शेवटी तो घर सोडून काशीस निघून गेला. नाथांनी स्वतः काशीस जाऊन त्याची समजूत घातली. मुलाने दोन अटी घातल्या. वडिलांनी मराठीतील पुराण बंद करावे आणि परक्याच्या घरचे अन्न घेऊ नये. ज्या नाथांनी भागवतावरील आपली मराठी टीका इ. स. १५७३ मध्ये त्याच काशीत पुरी केली होती, त्यांना पहिली अट किती कठीण वाटली असेल! तरी मुलासाठी त्यांनी दोन्ही अटी मान्य केल्या. नाथांच्या जागी हरिपंडित संस्कृतातून पुराण सांगू लागला. श्रोते हळूहळू कमी झाले.

पैठणात एक गरीब विधवा होती. पती हयात असताना तिने सहस्रभोजनाचा, म्हणजे हजार ब्राह्मणांना जेवू घालण्याचा संकल्प केला होता. पुढे पती वारला, घर धुऊन गेले. पण संकल्पाचे ओझे मनावरून जाईना. एका खऱ्या ज्ञानी पुरुषास जेवू घातले तर हजारांचे पुण्य लागते, असे तिला कोणीतरी सांगितले. ती नाथांकडे आली. नाथांनी मुलाला वचन दिलेले होते आणि दारात ही बाई उभी होती. नाथांनी येण्याचे कबूल केले. मात्र हरिपंडिताचे मन दुखावू नये म्हणून, तिच्या घरी जाऊन स्वयंपाक त्यानेच करावा, असे त्यास सांगितले.

हरिपंडिताने सोवळ्यात स्वयंपाक केला. नैवेद्य झाला. बाईने पत्रावळीवर वाढले आणि नाथ तृप्तीने जेवून उठले. नाथांनी मुलास आपली पत्रावळ उचलावयास सांगितले. त्याने ती उचलली, तो तिच्याखाली दुसरी उष्टी पत्रावळ! ती उचलली, तो तिसरी. अशा एक हजार पत्रावळी त्याने उचलल्या, अशी कथा आहे. संकल्प पुरा झाला म्हणून बाईच्या डोळ्यांना पाणी आले. हरिपंडिताने वडिलांच्या पायांवर मस्तक ठेवले आणि दोन्ही अटी परत घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून नाथांचे मराठी पुराण पूर्ववत सुरू झाले.

नाथांच्या पंक्तीला गावबा नावाचा एक मुलगा असे. त्याला पुरणपोळीवाचून जेवण जात नसे. घरी रोज पुरण कोठून आणावे? म्हणून आईने त्यास नाथांच्या घरी आणून सोडले. लोक त्याला वेडगळ समजत. नाथांनी त्यास कधी दूर केले नाही. तो रोज पोटभर जेवे आणि पुराण ऐकत बसे. इ. स. १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आयुष्याच्या अखेरीस ते भावार्थ रामायण लिहीत होते. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि ते काम थांबले. उरलेले रामायण या गावबानेच पुरे केले.

इ. स. १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथांनी गोदावरीत देह ठेवला. दरवर्षी त्या तिथीस पैठणला मोठी यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या येतात, वाळवंट माणसांनी फुलून जाते. अष्टमीच्या दिवशी काल्याची हंडी फोडतात, आणि तो काला प्रसाद म्हणून यात्रेकरूंच्या हातांवर पडतो.